उद्या मी नाय येतो

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर परवा एक नेपाळी खलाशी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगत होता, "उद्या मी नाय येतो, आज जाळा शिवतो." बाजूचे दोघं हसले, एकजण म्हणाला व्याकरणाची पार वाट लावली. मला हे अजिबात पटत नाही. ते वाक्य नीट बघा, 'येईन', 'येणार' ही रूपं त्याने सोडून दिलीत आणि काळ सांगायचं सगळं काम एकट्या 'उद्या'वर टाकलंय. मोठ्या वयात नुसतं ऐकून भाषा शिकणारा माणूस आधी हेच करतो, शब्द धरतो, प्रत्यय सोडतो.

आता दहा मुलखांतले मजूर एका मळ्यावर आले, मालकाची भाषा कोणालाच धड येत नाही, तर जी कामचलाऊ बोली तयार होते ती पिजिन, आणि पुढच्या पिढीची ती मातृभाषा झाली की क्रिओल.

पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिन या अशाच एका बोलीमधे काय झालं बघा. इंग्रजी 'बाय अँड बाय' म्हणजे थोड्या वेळाने, त्याचं झालं 'बाइम्बाइ', आणि 'बाइम्बाइ मी गो' म्हणजे मी जाईन, आपल्या खलाशाच्या 'उद्या'सारखंच. मोठ्यांच्याच तोंडी त्याचं 'बाइ' झालं, पण ज्या मुलांची ती घरची भाषा होती ती इतकं भरभर बोलायला लागली की त्यावरचा जोरच गेला, कधीकधी नुसता 'ब' उरला. म्हणजे सुटा शब्द भविष्यकाळाचा प्रत्यय व्हायला निघाला! श्रीलंकेतल्या पोर्तुगीज क्रिओलमधे पण 'लवकरच' अशा अर्थाच्या 'लोगु'चं 'लो' होऊन तेच काम करतंय.

मुलाची जीभ वळावी म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवतात, त्याने भाषा येत नाही, उलट वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. भाषा येते ती आजूबाजूची माणसं बोलतात म्हणून. खलाशांची मुलं इथल्या शाळेत जाऊन सरळ मराठी बोलतात, क्रिओल होत नाही, कारण पूर्ण मराठी त्यांच्या कानावर रोज पडते.

क्रिओल ऐकायची तर रायगड जिल्ह्यात रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जा. १७४० मधे पोर्तुगीज गेले, तरी तिथल्या ख्रिस्ती वस्तीत हजारभर लोक अजून 'नो लिंग' बोलतात, म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण पोर्तुगीजमधे वाक्याच्या मधे येणारं क्रियापद इथे मराठीसारखं शेवटी जाऊन बसलंय.