मेंदूचा आणि कण्याचा मार : निदान एका तपासणीत का संपत नाही

डोक्याला खोक पडली की रक्त भळाभळा वाहते, कारण टाळूच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. पाहणारे घाबरून जातात, पण टाके घातल्यावर असा रुग्ण पुष्कळदा ठणठणीत निघतो. याउलट ज्याच्या डोक्यावर साधे टेंगूळही नाही, जो अपघातानंतर स्वतःच्या पायांनी चालत आला आणि नाव-गाव नीट सांगतो आहे, त्याच्या कवटीच्या आत रक्त साचत असू शकते. मेंदू आणि मज्जारज्जू हे दोन्ही हाडांच्या आड असल्यामुळे त्यांना झालेली इजा बाहेरच्या जखमेवरून ओळखता येत नाही. ती त्यांच्या कामात पडलेल्या फरकावरून ओळखावी लागते, आणि हा फरक तासातासाला बदलत राहतो.

आघाताच्या क्षणी जे फाटले किंवा चिरडले गेले ते पूर्ववत करणे आज कोणाच्याही हाती नाही. हाती असते ते त्यानंतरचे नुकसान टाळणे. प्रौढ माणसाची कवटी ही न प्रसरणारी पोकळी असून तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव एवढेच मावते. तिथे रक्ताच्या गुठळीची भर पडली किंवा मेंदूला सूज आली, तर सुरुवातीला हा द्रव आणि नीलांमधले रक्त बाहेर सरकून जागा करून देतात, त्यामुळे दाब फारसा वाढत नाही आणि रुग्ण बरा दिसतो. ही सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. कवटीतला दाब एरवी पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरइतका असतो आणि तो २२ च्या वर राहू लागला की उपचार करून खाली आणावा लागतो. अपघातानंतरचे ‘आता बरा वाटतोय’ हे निरीक्षण म्हणूनच त्या घटकेपुरतेच खरे धरायचे असते.

शुद्धीची पातळी शब्दांत लिहिण्याची पद्धत पूर्वी होती. एक डॉक्टर ‘गुंगीत’ लिहीत असे, दुसरा त्याच रुग्णाला ‘अर्धवट शुद्धीत’ म्हणत असे, आणि रुग्ण खालावला की केवळ लिहिणारा बदलला हे कळायला मार्ग नसे. १९७४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी यावर एक मोजपट्टी सुचवली, जी आज जगभर ‘ग्लासगो कोमा स्केल’ या नावाने वापरली जाते. तिच्यात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त गुण असतात. एकूण १५ म्हणजे पूर्ण शुद्ध, आणि किमान गुण शून्य नसून ३ असतात.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासारखे आहे. आधी काहीही न करता रुग्ण आपणहून डोळे उघडतो का ते पाहतात, मग हाक मारतात, आणि हाकेलाही ओ मिळाली नाही तर बोटाच्या नखाजवळ, खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईखालच्या हाडाच्या खाचेत दाब देतात. नाव, ठिकाण आणि चालू महिना विचारून बोलण्याचा अंदाज घेतात. त्यानंतर ‘माझी बोटे घट्ट धरा’ असे सांगतात आणि लगेच ‘आता सोडा’ असेही सांगतात. हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण तळहाताला स्पर्श झाला की मूठ मिटणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. सांगितल्यावर सोडणे ही तशी क्रिया नव्हे. भुवईखाली दाब दिल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर येऊन दुखणारी जागा शोधू लागला तर ५ गुण, कोपरातून पटकन मागे घेतला गेला तर ४, सावकाश आणि विचित्र रीतीने वाकला तर ३, आणि वाकण्याऐवजी ताठ झाला तर २. शेवटच्या दोन प्रतिसादांतून इजेचा परिणाम मेंदूत खोलवर पोहोचल्याचे कळते.

या मोजपट्टीचा एक गैरवापर सर्रास होतो, तो म्हणजे फक्त बेरीज लिहून ठेवणे. तिन्ही गुण वेगवेगळे लिहिले नाहीत तर एकाच बेरजेखाली अगदी भिन्न अवस्थेतले दोन रुग्ण झाकले जातात. मद्य घेतलेले असणे, श्वासनलिकेत नळी असणे, डोळे सुजून मिटलेले असणे यांनीही गुण कमी होतात आणि त्यांचा मेंदूच्या इजेशी संबंध असेलच असे नाही. रक्तातली साखर उतरल्यामुळे बेशुद्ध होऊन पडलेला माणूसही डोक्याला मार लागलेला म्हणूनच आणला जातो. तिथे साखर तपासायला मिनिटभर पुरते. १३ वर स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा तासाभरात १५ वरून १३ वर आलेला रुग्ण अधिक काळजीचा असतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाचीही पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी नोंद ठेवायला सांगितले आहे.

त्या नोंदीत डोळ्यांच्या बाहुल्याही असतात. मेंदूच्या एका बाजूला दाब वाढला की तिथला भाग खाली सरकून बाहुली आकुंचित करणाऱ्या तिसऱ्या मस्तिष्क-चेतेला दाबतो, आणि बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होते. स्कॅन नव्हता तेव्हा याच खुणेच्या आधारे शस्त्रक्रियातज्ज्ञ कवटीला कोणत्या बाजूने भोक पाडायचे ते ठरवत आणि रक्त सापडेपर्यंत शोध घेत.

ही परिस्थिती पालटली ती गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याच्या यंत्रामुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासह हाउन्सफिल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफिल्ड यांच्याच नावाच्या एककांत मोजली जाते. पाण्याची शून्य, मेंदूची साधारण ३० ते ४०, आणि ताज्या गोठलेल्या रक्ताची ५० ते ८०. म्हणून ताजे रक्त करड्या मेंदूवर पांढरे उठून दिसते. कानाच्या वरचे पातळ हाड मोडून त्याखालची धमनी फाटली तर रक्त हाड आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये साचते व भिंगासारखा फुगीर आकार घेते. काही रुग्ण मध्ये काही वेळ शुद्धीवर येऊन पुन्हा कोसळतात, ते बरेचदा याच प्रकारात. आवरणाखालच्या नीला फाटल्या तर रक्त मेंदूच्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारखे पसरते.

दुसऱ्या प्रकारात एक सापळा आहे. वयोमानाने मेंदू थोडा आकसलेला असतो, नीला ताणलेल्या असतात आणि किरकोळ धक्क्यानेही त्या फाटू शकतात. हे रक्त सावकाश साचते आणि एक ते तीन आठवड्यांच्या काळात त्याची घनता उतरत मेंदूइतकीच होते. त्या दिवसांत काढलेल्या सीटीत ते वेगळे दिसत नाही. मेंदूच्या वळ्या पुसट होणे आणि मधली रेषा एका बाजूला सरकणे यांवरूनच ते ताडावे लागते. ही रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. वृद्ध माणूस दोन-तीन आठवड्यांत हळूहळू विसराळू झाला, चालताना तोल जाऊ लागला, तर घरातले त्याला वय जबाबदार धरतात आणि मधल्या काळात तो कुठे पडला होता का, हे विचारायचे राहून जाते.

डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाचे स्कॅन करणे शहाणपणाचे नाही, कारण क्ष-किरणांची मात्रा विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत दुर्लक्षिण्याजोगी नसते. कोणाचे करायचे हे ठरवण्यासाठी २००१ मध्ये कॅनडात एक नियम तयार झाला. मार लागल्यावर क्षणभर का होईना शुद्ध हरपली, स्मृती गेली किंवा माणूस भांबावला, आणि शिवाय दोन तासांनंतरही गुण १५ वर आले नाहीत, दोनदा किंवा अधिक उलट्या झाल्या, वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे, कानामागे काळेनिळे पडणे किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणे अशी कवटीचा तळ मोडल्याची लक्षणे आहेत, यांपैकी एक जरी गोष्ट असली तर स्कॅन करावा, असा त्याचा गाभा आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि मुलांना तो लागू नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांच्या रक्तचाचणीला परवानगी दिली. मेंदूच्या पेशींना इजा झाली की ही प्रथिने रक्तात उतरतात. चाचणी नकारार्थी आली तर स्कॅन टाळता येतो; होकारार्थी आली तरी स्कॅनमध्ये काही सापडेलच असे नाही.

कारण स्कॅनला दिसत नाही असेही पुष्कळ असते. वेगाने जाणारे डोके एकदम थांबते किंवा गरकन फिरते तेव्हा मेंदूतले लांबलचक चेतातंतू ठिकठिकाणी ताणले जातात. रुग्ण खोल बेशुद्धीत आणि सीटी जवळजवळ स्वच्छ, अशी विसंगती दिसली की याचाच संशय घेतात. एमआरआयच्या खास पद्धतीत तिथले सूक्ष्म रक्तस्राव काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. मार लागल्यावर डोके दुखणे, प्रकाश सहन न होणे, लक्ष न लागणे अशा तक्रारी असलेल्या बहुसंख्य रुग्णांचा तर सीटी आणि साधा एमआरआय दोन्ही निर्दोष येतात. ‘स्कॅन नॉर्मल आहे, काही झालेले नाही’ असे त्यांना सांगणे मला चुकीचे वाटते. शस्त्रक्रियेजोगे काही नाही, एवढेच त्या अहवालावरून म्हणता येते.

कण्याकडे वळताना एक जुनी नोंद आठवते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये ४८ रुग्णांची वर्णने आहेत. त्यांपैकी एकाच्या मानेचा मणका निखळला आहे, त्याला आपल्या हातापायांची जाणीव नाही आणि लघवी नकळत ठिबकते आहे. मज्जारज्जूच्या इजेचे निदान आजही याच खुणांवरून सुरू होते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, नशेत नाही, मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखत नाही, हातापायांत कमजोरी किंवा बधिरता नाही आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक जखम नाही, या पाचही गोष्टी जुळल्या तर मानेची कोणतीही प्रतिमा न काढता मोडलेले हाड नाही असे म्हणता येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ३४ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासावर हे निकष पारखले गेले. यातली एकही अट बेशुद्ध माणसाकडून पुरी करून घेता येत नाही. म्हणून नीट शहानिशा होईपर्यंत त्याचा कणा मोडला आहे असेच धरून त्याला हलवतात.

सीटीमध्ये हाड उत्तम दिसते, मज्जारज्जू मात्र एमआरआयमध्येच नीट दिसतो, आणि हाड शाबूत म्हणजे रज्जू शाबूत असे मुळीच नाही. मणक्यांची झीज झालेला वृद्ध माणूस हनुवटीवर आपटून मान मागे झटकली जाते, कुठेही अस्थिभंग नसतो, पण त्याच्या हातांतली ताकद पायांपेक्षा कितीतरी जास्त गेलेली असते. रज्जूच्या मध्यभागाला मार लागल्याची ही ठळक खूण आहे. रक्तदाब उतरलेला असेल तर नाडीही पाहावी लागते. ती जलद असेल तर शरीरात कुठेतरी रक्तस्राव चालू असल्याचा संशय येतो. ती मंद आणि त्वचा उबदार असेल तर मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात रज्जूला इजा झाल्याचा. एकट्या डोक्याच्या माराने प्रौढ माणसाचा रक्तदाब सहसा उतरत नाही, म्हणून दुसरे कारण शोधावेच लागते.

इजेची पातळी ठरवण्यासाठी शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच कळते का ते पाहतात, आणि दोन्ही बाजूंच्या दहा-दहा स्नायूगटांची ताकद ० ते ५ अशी मोजतात. स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत कळते आणि खाली नाही, तर इजा छातीच्या चौथ्या पातळीच्या आसपास. बेंबीपर्यंत कळत असेल तर दहाव्या. तपासणीचा शेवटचा भाग संकोचापोटी पुष्कळदा टाळला जातो, आणि निर्णायक तोच असतो. गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का, आत बोट घातल्यावर दाब जाणवतो का, तिथला स्नायू आपणहून आवळता येतो का, यांपैकी काहीही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण ठरते आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते. पहिल्या तासांत गुंगीची औषधे, डोक्याचा मार आणि रज्जूचा तात्पुरता धक्का यांमुळे ही तपासणी फसवी ठरू शकते, त्यामुळे ती सुमारे ७२ तासांनी पुन्हा केली जाते, आणि रुग्ण चालू शकेल का, याचे उत्तर देताना डॉक्टर पहिल्या रात्रीच्या नोंदीपेक्षा या दुसऱ्या नोंदीचा अधिक आधार घेतात.