मालदीवचं रिसॉर्ट आणि मालदीवचं गेस्ट हाउस: खोली निवडण्याआधी बेट ओळखा

मालदीवला जायचं ठरलं की शोध बहुतेक वेळा खोलीपासून सुरू होतो. बुकिंग साइटवर वर पाण्यावर उभ्या लाकडी खोल्या दिसतात, रात्रीचे ७०० डॉलर. त्याच यादीत थोडं खाली ७० डॉलरची, नावात 'बीच रिसॉर्ट' असलेली जागा दिसते. दोन्हीकडे तेच निळं पाणी, म्हणून लोक ७० वाली पटकन पकडतात आणि तिथे पोहोचल्यावर हिरमुसतात. यात दर वेळी कुणी फसवलेलंच असतं असं नाही. जागा खरी असते, मालक सरळ असतो. फक्त ती जागा वेगळ्या प्रकारच्या बेटावर असते, आणि तो प्रकार कुठला हे जाहिरातीत कुणी ठळक लिहीत नाही.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत. त्यांतल्या २०० पेक्षा कमी बेटांवर माणसं राहतात. १९७२ मध्ये कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' अशी घडी बसली. वस्ती नसलेलं अख्खं बेट भाडेपट्ट्याने एका कंपनीकडे जातं. तिथली वीज, पाणी, जेवण, बोट, किनारा सगळं तिच्याच हातात. वस्तीच्या बेटांवर पर्यटकांनी मुक्काम करायला पूर्वी मनाई होती. २००९ नंतर ते नियम बदलले आणि माफुशी, थुलुस्धू, धिगुरा, उकुल्हस, थोड्डू अशा गावांमध्ये गेस्ट हाउसं उभी राहिली. यांनाच 'लोकल आयलंड' म्हणतात. म्हणजे रिसॉर्टमध्ये तुम्ही कंपनीच्या बेटावर असता, आणि गेस्ट हाउसमध्ये कुणाच्या तरी गावात पाहुणे असता.

या एका फरकातून बाकीचे सगळे निघतात. गावात देशाचा कायदा आणि गावाचे रिवाज लागू. दारू मिळत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या 'बिकिनी बीच'वर चालतात. गल्लीत फिरताना खांदे आणि मांड्या झाकलेल्या हव्यात. रमजानमध्ये दिवसा कॅफे बंद असतात, पाहुण्यांची सोय गेस्ट हाउसच्या आतच होते. रिसॉर्टवर यातलं काहीच आड येत नाही. माफुशीसारख्या गावाबाहेर समुद्रात नांगरलेल्या बोटींवर बार चालतात, पण ती बोटीची सोय, गावाची नव्हे. बाहेरून दारू नेण्याचा विचारही नको: विमानतळावर सामान स्कॅन होतं, बाटली ठेवून घेतात आणि परतताना देतात. पूजेची मूर्तीही कस्टमच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे. आपल्याकडे प्रवासात छोटा गणपती सोबत ठेवायची अनेकांना सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नावावरून प्रकार ओळखायला जाऊ नका. गावातल्या गेस्ट हाउसांच्या नावातही 'रिसॉर्ट', 'रिट्रीट', 'आयलंड', 'बीच' हे शब्द सर्रास असतात. खात्रीची खूण एकच, बेटाचं नाव. ते गूगल मॅपवर टाका आणि सॅटेलाइट चित्र लावा. रिसॉर्टचं बेट असेल तर झाडी, तिच्यात लपलेली छपरं आणि लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात, शिरलेल्या लांब लाकडी धक्क्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या दिसतील. गाव असेल तर काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, मशीद, फुटबॉलचं मैदान आणि एका अंगाला दगडी बांध घालून केलेलं चौकोनी बंदर. दहा सेकंदांत उलगडा होतो. गावाच्या बेटावर पाण्यावरच्या खोल्या जवळजवळ नसतातच. गेस्ट हाउसच्या फोटोंत त्या दिसल्या तर तो शेजारच्या रिसॉर्टचा, एका दिवसाच्या सहलीतला फोटो समजा.

गावाचं चित्र उघडलंच आहे, तर तसंच थोडं जवळ जाऊन बघा. बिकिनी बीच कुठल्या टोकाला आहे आणि तुमचं गेस्ट हाउस तिथून किती मिनिटांवर, हे आधी. 'बीचफ्रंट' हा शब्द इथे फार फसवा: समोर किनारा असतो खरा, पण तो गावाचा सार्वजनिक किनारा असू शकतो, म्हणजे पूर्ण कपड्यांशिवाय तिथे उतरता येत नाही. मग डिझेलवर चालणारं वीजघर शोधा. रिसॉर्टला ते झाडीआड लपवायला जागा मिळते. गावात ते घरांच्या अगदी जवळ असतं आणि रात्रभर घरघरतं. कचरा टाकायची जागा सहसा एखाद्या कोपऱ्यात असते; वारा तिकडून आला तर वास येतो. बंदराच्या भिंतीला लागून असलेला किनारा पोहायला बरा नसतो, कारण बोटींची ये-जा आणि तेलाचा तवंग. मोठ्या गावांत बांधकामं सतत चालू असतात, त्यामुळे रिव्ह्यू 'सर्वांत नवे आधी' असे लावून वाचा आणि त्यांत 'कन्स्ट्रक्शन', 'जनरेटर', 'हार्बर' हे शब्द शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या रिव्ह्यूतली मोकळी जागा आज चार मजली इमारत असू शकते.

नावांचा आणखी एक घोळ आहे आणि तो महागात पडतो. एकाच नावाची बेटं वेगवेगळ्या अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्यांमध्ये, आहेत. गुरैधू नावाचं एक बेट काफू अटॉलमध्ये, राजधानी मालेपासून स्पीडबोटीने तासाच्या आत. दुसरं गुरैधू दक्षिणेकडे, था अटॉलमध्ये, कितीतरी लांब. मीधू तर तीन आहेत: रा, धालू आणि अड्डू अटॉलमध्ये. म्हणून मालदीवी पत्त्यात बेटाच्या नावाआधी अटॉलचं अक्षर लिहितात: के. म्हणजे काफू, व्ही. म्हणजे वावू, बी. म्हणजे बा, दोन ए म्हणजे अलिफ अलिफ. बुकिंगच्या कागदावर हे अक्षर नसेल तर विचारून लिहून घ्या आणि बोटीचं तिकीट त्या अक्षराशी ताडून पाहा. घरांना नंबरऐवजी नावं असतात, त्यामुळे 'अमुक मागू, के. माफुशी' एवढाच पत्ता दिसला तर तो अपुरा समजू नका. मागू म्हणजे रस्ता.

आता पैसे. यादीत दिसणारा भाव आणि शेवटी भरायचा आकडा यांत दोन्हीकडे मोठं अंतर असतं. सेवाशुल्क सहसा १० टक्के. त्यावर पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. शिवाय हरित कर माणशी आणि दर रात्री: १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये १२ डॉलर, गावातल्या ५० किंवा कमी खोल्यांच्या गेस्ट हाउसमध्ये ६ डॉलर. दोन वर्षांखालच्या मुलांना तो नाही. गावातल्या मोठ्या, ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलात मात्र १२ चाच दर, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उदाहरण करून बघू: करांविना ७० डॉलरची खोली, दोघं, चार रात्री. भाडं २८०, सेवाशुल्क २८, मिळून ३०८. त्यावर १७ टक्के म्हणजे ५२.३६. हरित कर ६ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ४८. एकूण ४०८.३६ डॉलर, म्हणजे रात्रीला १०२. काही साइट कर धरून भाव दाखवतात, काही नाही, आणि हरित कर तर बऱ्याचदा 'तिथे भरा' म्हणून बाहेरच ठेवलेला असतो. त्यामुळे दोन जागांची तुलना फक्त अंतिम आकड्यावर करा.

रिसॉर्टमध्ये याहून मोठा छुपा खर्च बोटीचा किंवा सीप्लेनचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा. तिथे जायचं तर त्यांच्याच वाहनाने, दुसरा पर्याय नसतो, आणि सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी शेकडो डॉलरांत जातं. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. मुंबईहून येणारं विमान दुपारी साडेतीनच्या पुढे उतरत असेल तर त्या दिवशीचं सीप्लेन हुकण्याची शक्यता धरा. मग एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर किंवा मालेत काढावी लागते आणि रिसॉर्टची ती रात्र भरलेली असूनही वाया जाते. विमानाचं तिकीट काढण्याआधी रिसॉर्टला तुमची उतरायची वेळ कळवून 'त्याच दिवशी पोहोचता येईल का' हे ईमेलवर लेखी घ्या. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, आणि काही रिसॉर्ट स्वतःची वेळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची, हे विचारलंच पाहिजे.

गावाला जाणाऱ्या स्पीडबोटी विमानतळाच्या दाराबाहेरच्या धक्क्यावरून ठरलेल्या वेळी सुटतात. माफुशीला अर्धा-पाऊण तास. सरकारी फेरी खूप स्वस्त, पण संथ आणि शुक्रवारी सहसा बंद. तिच्या भरवशावर परतीचं विमान ठेवू नये. मे ते ऑक्टोबरच्या नैऋत्य मोसमात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून लांबच्या बेटावर असाल तर शेवटची रात्र मालेच्या आसपास घ्या.

जेवणाचा हिशेब उलटा आहे. रिसॉर्टवर बाहेर जेवायला जागाच नाही, त्यामुळे फक्त नाश्त्याचा प्लॅन स्वस्त दिसला तरी दोन वेळची जेवणं मिळून तोच सर्वांत महाग पडतो. हाफ बोर्डमध्ये, म्हणजे नाश्ता आणि एका जेवणाच्या प्लॅनमध्ये, पेयं, कधी कधी पाण्याची बाटलीही, धरलेली नसते. गावात कॅफे असतात आणि पोटभर जेवण परवडतं. पण शाकाहारी मंडळींनी जपून. मालदीवी नाश्ता म्हणजे मास हुनी: कुस्करलेला टुना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत आपल्या पोळीसारखी रोशी. समोशासारखे दिसणारे तळलेले पदार्थही बहुतेक टुनाचेच. बुकिंग करतानाच 'मासा, अंडं चालत नाही' हे स्पष्ट लिहा आणि उत्तरात ते नक्की काय देणार हे पदार्थांच्या नावांसह मागा.

जागा खरी आहे का, हे तपासायची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. गेस्ट हाउससाठी पर्यटन मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणीचं नाव आणि क्रमांक मागा आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. फोन ९६० या कोडचा आणि पुढे सात आकडी असावा. मोबाइल ७ किंवा ९ ने सुरू होतो. खोलीचे फोटो गूगल लेन्सवर टाकून शोधा. तीच खोली दुसऱ्या देशातल्या हॉटेलच्या नावाने सापडली तर तिथेच थांबा. शंका उरली तर खोलीपासून रस्त्यापर्यंत एका दमात काढलेला व्हिडिओ मागा. खरा मालक तो पाच मिनिटांत पाठवतो, कारण तो तिथेच असतो. 'साइटवरचं रद्द करा, थेट खात्यात भरा, दहा टक्के कमी करतो' असं कुणी म्हणालं तर सवलत सोडून द्या. खातं गेस्ट हाउसच्या नावाचं नसून भलत्याच व्यक्तीचं असेल तर अजिबात नाही.

रिसॉर्ट खोटं असणं अवघड. बेट कुठे पळत नाही. तिथे धोका मधल्या दलालाचा. पॅकेजचे पैसे घेतले जातात, पण रिसॉर्टकडे खोली पक्की केलेलीच नसते किंवा ठरल्यापेक्षा खालच्या वर्गातली केलेली असते. एजंटकडून व्हाउचर नव्हे, रिसॉर्टचा कन्फर्मेशन नंबर घ्या. मग रिसॉर्टच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या रिझर्व्हेशन ईमेलवर पासपोर्टवरचं नाव, तारखा, खोलीचा प्रकार, जेवणाचा प्लॅन आणि ने-आण हे पाच मुद्दे लिहून पडताळा मागा. 'वॉटर व्हिला' आणि 'बीच व्हिला' यांच्या भाड्यात बराच फरक असतो आणि चार रात्रींचं पॅकेज दोन-दोन असं विभागलेलं असू शकतं, म्हणून कुठली रात्र कुठे हेही विचारा. हा पडताळा उरलेली रक्कम भरण्याआधी घ्यायचा.

मालदीवला उतरताना बुकिंग आणि परतीचं तिकीट दाखवावं लागू शकतं, त्यामुळे खोटं बुकिंग थेट इमिग्रेशनच्या खिडकीशी अडतं. इमुगा हा ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

पोहोचल्यावर खोली दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, तर सामान उघडण्याआधी फोटो काढा आणि त्याच तासात बुकिंग साइटच्या चॅटमध्ये तक्रार टाका. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं साइट धरत नाही. मालक म्हणेल, 'तुम्ही तुमच्या बाजूने कॅन्सल करा, पैसे मी परत करतो.' ते करू नका. पाहुण्याने रद्द केलं की रद्द करण्याचे नियम पाहुण्यालाच लागतात आणि साइटला मध्ये पडायला जागा उरत नाही. रद्द त्यांच्याकडून व्हावं, आणि ते झाल्याचा ईमेल हातात आल्याशिवाय दुसरी खोली घेऊ नये.