रोहूच्या पोटातलं प्लास्टिक जातं कुठं?

पैठणच्या नाथसागरातला रोहू साफ करायला घेतला की आतड्याचं भलंमोठं भेंडोळं बाहेर येतं. उलगडलं तर माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरतं. मरळीला जठर असतं. रोहू, कटला, मृगळ यांना मात्र खरं जठरच नाही. आम्लाची पिशवी नाही, दात आहेत तेही तोंडात नव्हे, घशात. त्यामुळं गिळलेला प्लास्टिकचा कण मध्येच कुठं मुक्काम करत नाही.

मुळात सगळेच कण गिळले जात नाहीत. तोंडात आलेला घास टाळूवर चाखला जातो, नको ते चिकट स्रावात गुंडाळून मासा थुंकतो. बारीक धागे मात्र या तपासणीतून निसटतात.

प्लास्टिक पचवणारं विकर (एन्झाइम) माशाकडं नाही. मागून येणारं अन्न कणाला पुढं ढकलतं आणि तो विष्ठेतून बाहेर पडतो. गोल्डफिश हा रोहूच्याच कुळातला. त्याच्यावरचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गिळलेल्या प्लास्टिकच्या बारीक मणी-धाग्यांपैकी निम्मे सुमारे १० तासांत आणि ९० टक्के सुमारे ३३ तासांत बाहेर पडले. हे आकडे पाण्याच्या तापमानाबरोबर बदलतात. थंडीत माशाचं पचनच मंदावतं. म्हणजे माशाच्या आतड्यात सापडलेले कण हा त्याच्या आयुष्याचा हिशेब नव्हे, कालपरवाच्या जेवणाचा आहे. ‘माशात इतके कण सापडले’ अशी बातमी वाचताना हे सहसा विसरलं जातं.

अडचण दोन ठिकाणी येते. लांब धागे एकमेकांत गुंतून गोळा झाला तर आतडं तुंबू शकतं. आणि अतिबारीक कण आतड्याची भिंत ओलांडतात. झेब्राफिश या प्रयोगातल्या छोट्या माशामध्ये २० मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्लास्टिकचे मणी कल्ले आणि आतडं एवढ्यातच राहिले, ५ मायक्रोमीटरचे यकृतापर्यंत पोचले. तिथून ते आतड्याइतक्या सहज निघत नाहीत.

बाहेर पडलेली विष्ठा गाळात बसते, आणि तळाशी चरतो मृगळ! त्याच्यासाठी तेच ताट पुन्हा वाढलेलं.

घरी मासा साफ करताना गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत पोट उभं चिरा, पित्त फुटू न देता आतडी काढा, कल्लेही काढा. कणांचा मोठा वाटा तिथंच जातो. अख्खे खायचे बारीक मासे असतील तर प्रत्येकाचं पोट बोटानं दाबून रिकामं करावं लागतं. किचकट काम आहे. काढलेली घाण मात्र पुन्हा नदीकाठी टाकू नका.