जोतं किती आणि पाणी किती

२०२५ च्या मे-जूनमध्ये पंधरा-वीस दिवसांत दोन बातम्या आल्या आणि आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता राडा. पहिली म्हणजे भारत जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था झाला, दुसरी म्हणजे वर्ल्ड बँकेच्या हिशेबाने भारतातली अत्यंत गरिबी २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आली. एक गट म्हणे आता गरिबी संपली, दुसरा म्हणे सगळं झूट, जरा किराणाची यादी घेऊन दुकानात जा. माझं म्हणणं, दोघांनीही आकडा वाचला पण तो कशाचा आहे ते बघितलंच नाही.

चौथा नंबर हा एकूण उत्पन्नाचा. दीडशे कोटींच्या आसपास माणसं आहेत आपण, त्यामुळे माणशी काढलं तर वर्षाला तीन हजार डॉलरच्याही आत, आणि ज्याला मागे टाकल्याचे फटाके वाजले त्या जपानचं तीस हजाराच्या वर. आणि गरिबीची ती रेषा आहे माणशी रोज ३ डॉलर. लगेच एकाने गुणाकार केला, म्हणजे अडीचशे रुपये की ओ! तसं नाही. हा बाजारातला डॉलर नव्हे, अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं सामान येतं तेवढ्याला इथे किती रुपये पडतात त्या हिशेबाचा डॉलर आहे. त्यामुळे ती रेषा पडते साठ रुपयांच्या आसपास, तेही २०२१ च्या दराने. साठ रुपयांत दिवस काढणाऱ्याला मोजायचं की नाही एवढाच तिचा प्रश्न.

आता खरी गंमत. सांगलीकरांना हे समजवायला अर्थशास्त्र लागतच नाही, कृष्णेवरचा आयर्विन पूल पुरे. पुलाजवळ पाणी ४० फूट झालं की इशारा, ४५ फूट झालं की धोका, हे इथल्या पोरालाही पाठ आहे. पाणी चढायला लागलं की आधी सखल भागातले सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर बुडतात, आणि उंचावरच्या विश्रामबागेतले लोक निवांत. समजा प्रत्येक घराचं जोतं म्हणजे त्या घराची कमाई आणि नदीचं पाणी म्हणजे गरिबीची रेषा. विकास म्हणजे जोती उचलणं, महागाई म्हणजे पाणी चढणं. जोतं फूटभर उचललं आणि पाणीही फूटभर चढलं तर घर कुठं होतं? तिथंच. पगार वाढला तरी हातात काही राहत नाही म्हणतात ते हेच, त्यात गरिबाचं पाणी जास्त चढतं कारण त्याचा खर्च मुख्यतः खाण्यावर. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत खेड्यात सरासरी ४७ टक्के खर्च खाण्यावर होता, शहरात ४० च्या आसपास. तेल-डाळ भडकली की विश्रामबागेतला माणूस हॉटेलिंग कमी करतो, दत्तनगरातला दूध निम्मं करतो.

बरं, सगळ्यांची जोती एक फूट उचलली तर किती घरं पाण्याबाहेर येतील? इथं बहुतेक लोक फसतात. पाणी ४५ फुटांवर आहे, एका गल्लीत ४४ ते ४५ च्या मध्ये जोतं असलेली २० घरं आहेत, तर २० सुटली. दुसऱ्या गल्लीत त्या पट्ट्यात दोनच घरं, बाकीची ३५-३६ वर, तर सुटली फक्त दोन. विकास तेवढाच, गरिबी कमी झाली दहापट फरकाने! म्हणजे रेषेच्या लगेच खाली गर्दी किती, ह्यावर सगळा खेळ. त्यात विकास फुटात होत नाही, टक्क्यात होतो, १० टक्के म्हटलं तर ३० फूटवाल्याला ३ फूट मिळतात आणि ३०० वाल्याला ३०. आणि टक्काही सगळ्यांना सारखा नसतो. दहा घरांची गल्ली घ्या, नऊ घरांची कमाई दहा-दहा हजार आणि एकाची एक लाख दहा हजार, एकूण दोन लाख. त्या एकाचीच १० टक्क्यांनी वाढली तर गल्लीचा विकासदर साडेपाच टक्के, नऊ घरांचा शून्य. विकासदरात मत रुपयाला असतं, माणसाला नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्सनेच १९३४ साली बजावलं होतं की ह्या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय का ते ठरवू नका.

अजून एक, आणि हा माझा लाडका भाग, थोडं गणित आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. पाणी ४५ वर असताना ४० वाल्याचं जोतं ४३ वर आलं तर टक्केवारीत काहीच बदल होत नाही, तो अजून पाण्यातच. पण गळ्यापर्यंत होतं ते गुडघ्यापर्यंत आलं, त्याच्यासाठी केवढा फरक! उलट सरकारला आकडा झटपट पाडायचा असेल तर सोपा उपाय म्हणजे ४४.९ वाल्याला दोन विटा द्यायच्या आणि ३० वाल्याकडे बघायचंच नाही.

हे अमर्त्य सेननी १९७६ मध्ये दाखवलं आणि १९८४ मध्ये फॉस्टर, ग्रीअर आणि थॉरबेक ह्या तिघांनी सुटसुटीत सूत्र दिलं. रेषेखालच्या प्रत्येकाची तूट रेषेच्या किती पट ते काढा, त्याचा वर्ग करा, बेरीज करा आणि एकूण लोकसंख्येने भागा. वर्ग कशाला? दोन घरांत तूट ५ आणि ५ फूट, बेरीज १०, दुसरीकडे १ आणि ९, बेरीज तीच. वर्ग केले की ५० आणि ८२. म्हणजे नाकातोंडात पाणी गेलेला माणूस बेरजेत लपतो, वर्गात लपत नाही. आणि घातांक शून्य ठेवला तर हेच सूत्र पेपरात येणारी टक्केवारी देतं, एक ठेवला तर तुटीची सरासरी, दोन ठेवला तर हे. एकाच सूत्रात तिन्ही, मला तर हे भारीच वाटतं.

मग विकास बिनकामाचा का? अजिबात नाही. चीनमध्ये १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत ८० कोटींच्या जवळपास माणसं अत्यंत गरिबीतून वर आली, आणि सुरुवात शेतीपासून झाली, म्हणजे जिथं गर्दी होती तिथंच जोती आधी उचलली. आपल्याकडे २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांतले ४६ टक्के शेतीत होते, आणि उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी, मग आयटी कितीही पळाली तरी आमच्या जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीच्या शेतमजुराला त्याचं काय. त्याला फरक पडला तो टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर. आधी म्हणायचे ह्या मातीच्या नशिबातच नाही, मग कृष्णेचं पाणी पंपाने उचलून टप्प्याटप्प्याने वर नेलं आणि तेच नशीब डाळिंबाला लागलं. तरी बागेच्या फाटकाला लिंबू-मिरची आहेच, पंपाला कोणी नमस्कार करत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एरवी ह्या रेषेच्या वरच मोजल्या जातील. तीन घरची कामं, रेशन, नवरा हमाल. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांच्या भिंतीवर छातीच्या वर डाग पडला, तो दोनदा चुना मारूनही दिसतो. मग नवऱ्याचा पाय मोडला, चार महिने काम बंद, भिशी मोडली, कानातलं गहाण पडलं. त्या चार महिन्यांत कोणी पाहणीला आलं असतं तर त्या आकड्यात असत्या, दिवाळीनंतर आलं असतं तर नसत्या. मी त्यांना ५.३ टक्क्यांचं सांगितलं. भांडी घासता घासताच म्हणाल्या, "असंल की. पण ४० फूट झालं की मी डबं माळ्यावरच ठेवती, ४५ ची वाट कोण बघतंय."