काटा बदलला तरी बिलिंग तेच: इंटरफेस म्हणजे नक्की काय

गूळ मार्केटला इन्स्टॉलेशनला गेलं की एक प्रश्न ठरलेला, "काटा बदलला तर तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर पण परत घ्यायचं का?" तर नाही. का नाही ते या कागदात सांगतोय, आणि घरात कुणी डिप्लोमाला जावा (प्रोग्रॅम लिहायची भाषा) शिकत असेल तर त्याच्या हातातही हा कागद द्या, कॉलेजात इंटरफेस म्हणून जे पाठ करून घेतात ना ते हेच.

बिलाला तुमच्या काट्याकडून एकच गोष्ट पाहिजे असते, वजन. काटा कुठल्या कंपनीचा, केबल जुनी सिरीयल का यूएसबी, आकडा ९६०० बॉडनं (बॉड म्हणजे केबलमधून आकडा यायचा वेग) येतोय का २४०० नं, याच्याशी बिलाला काय करायचंय? पण आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये आम्ही हे सगळं बिलातच कोंबलेलं, हा काटा असेल तर असं वाच, तो असेल तर तसं वाच, मग नवीन काटा आला की बिलाचा कोड उघडा आणि उघडला की भलतंच काहीतरी बिघडणार, एकदा तर काटा जोडला आणि जीएसटी चुकायला लागला, आता बोला.

मग इंटरफेस केला. इंटरफेस म्हणजे नुसती कामांची यादी. नाव 'वजनकाटा', आत दोन मेथड (म्हणजे नाव घेऊन सांगायची कामं), 'वजन दे' आणि 'शून्य कर', बास. कसं द्यायचं त्याचं एक अक्षर नाही, म्हणून तर न्यू लिहून इंटरफेसचा ऑब्जेक्ट (प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष काम करणारी वस्तू) बनत नाही. मग प्रत्येक काट्याला एक वेगळा क्लास (म्हणजे त्या काट्याचा कोड ठेवायची जागा), आणि क्लासच्या नावापुढं 'इम्प्लिमेंट्स वजनकाटा'. म्हणजे स्टॅम्प पेपरवर लिहून दिल्यासारखं, की ही दोन्ही कामं मी करणार. एक जरी राहिलं तर कम्पायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) तिथंच अडवतो, तुमच्या दुकानापर्यंत ते येतच नाही. उद्या नवीन काटा आणला तर एक छोटा क्लास वाढतो, बिलाच्या कोडला हात लागत नाही.

शिकणाऱ्या पोरांसाठी दोन गोष्टी. जावात क्लासला दुसरा क्लास एक्स्टेंड (म्हणजे त्याचा कोड वारशानं घेणं) एकच करता येतो, इंटरफेस मात्र कितीही इम्प्लिमेंट करा. आणि इंटरफेसमधल्या मेथड न सांगता पब्लिक असतात, क्लासमध्ये मात्र पब्लिक स्वतः लिहायला लागतं, ते विसरलं की एरर येते आणि पोरं तासभर डोकं धरून बसतात. (२०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमधल्या 'डिफॉल्ट' लिहिलेल्या मेथडमध्ये कोड पण लिहिता येतो, त्यामुळं 'इंटरफेसमध्ये कोड नसतोच' हे जुन्या नोट्समधलं वाक्य खोडा.)

आमच्या ऑफिसात काटा नाही. तिथं टेस्टिंगला 'खोटा काटा' नावाचा क्लास ठेवलाय, काहीही विचारा, दहा किलोच सांगतो. वैधमापनवाल्यांनी (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्यानं) नाव वाचून घाबरू नये, तो फक्त आमच्या कॉम्प्युटरवर चालतो. बिलाला खरा कुठला, खोटा कुठला, कळतसुद्धा नाही, आणि इंटरफेसची खरी मजा हीच.

पण इंटरफेस सगळं सांभाळतो असं समजू नका. मागं एका अडत दुकानात नवा काटा जोडला, क्लास व्यवस्थित, कम्पायलर गप्प, आणि ३० किलोचा गुळाचा रवा (ढेप) बिलावर ३०,००० किलो! शेठ हसत होते, आम्हाला घाम फुटलेला. झालेलं असं की तो काटा ग्रॅममध्ये आकडा पाठवत होता आणि आमच्या इंटरफेसमध्ये नुसतं 'वजन दे' लिहिलेलं, कशात द्यायचं ते कुठंच नाही. आकडा मागितला, आकडा मिळाला, कम्पायलरचं काम संपलं. त्या दिवशी मेथडचं नाव बदलून 'वजन किलोमध्ये दे' केलं, आता क्लास लिहिणाऱ्याला हजारानं भागायची आठवण नावातच मिळते.

त्यामुळं काटा बदलणार असाल तर पैसे द्यायच्या आधी मॅन्युअलमधलं केबलचं पान फोटो काढून आम्हाला व्हॉट्सॅपवर टाका, आकडा किलोत येतो का ग्रॅममध्ये ते आम्ही आधी बघतो.