मधुमेहजन्य तंत्रिकावेदना

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्याने हातापायांच्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊन उद्भवणारी वेदना. शरीरातील सर्वांत लांब तंत्रिका आधी बाधित होतात. त्यामुळे लक्षणे दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढतात व बहुधा गुडघ्यांपर्यंत पोचल्यावर हाताच्या बोटांतही जाणवू लागतात. तळपायांची आग, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखे वाटणे, अचानक उठणारी कळ, चादरीचा स्पर्शही न सोसणे आणि रात्री वाढणारा त्रास ही परिचित लक्षणे होत. एकाच पायात किंवा एकाच मांडीत वेदना असेल, तर अन्य कारण शोधावे लागते.

या लक्षणांची सर्वांत जुनी नोंद कोणती, याविषयी मतभेद आहेत. चरकसंहितेच्या निदानस्थान या विभागात प्रमेह या मूत्रविकारांच्या गटाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांची बधिरता व दाह सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत तळहात व तळपायांचा दाह येतो. दोन्ही ग्रंथांचा काळ अनिश्चित असून आजचे पाठ अनेक संस्करणांतून आलेले आहेत. हे वर्णन आजच्या तंत्रिकाविकृतीचेच होय, असे काही अभ्यासक मानतात. यावर आक्षेप असा की, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीचे चिन्ह, तर तंत्रिकाविकृती हा वर्षानुवर्षांच्या मधुमेहानंतरचा उपद्रव. या आक्षेपाचा जोर आता ओसरला आहे, कारण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानाच्या दिवशीच, क्वचित त्याआधीही, तंत्रिका बाधित आढळतात. मात्र प्रमेहाचे वीस प्रकार मानले जात आणि मधुमेह हा त्यांतील केवळ एक. म्हणून प्राचीन वैद्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते एवढे मान्य करून प्रमेह व आजचा मधुमेह एकच असल्याचा निष्कर्ष टाळणे अधिक सयुक्तिक वाटते.

युरोपात स्कॉटिश लष्करी वैद्य जॉन रोलो यांनी १७९८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या पायांतील वेदनांचा उल्लेख केला. पुढे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी मेंदूच्या एका विशिष्ट भागाला टोचल्यास प्राण्यांच्या लघवीत साखर उतरते, हे प्रयोगाने दाखवले. त्यामुळे मधुमेहाचे मूळच चेतासंस्थेत असावे, ही समजूत बळावली. फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्व्ही यांनी १८६४ मध्ये हा क्रम उलटा असल्याचे, म्हणजे तंत्रिकांचा बिघाड मधुमेहामुळे होत असल्याचे मांडले. इंग्रज वैद्य फ्रेडरिक पेव्ही यांचे १८८५ मधील वर्णन आजच्या रुग्णाच्या तक्रारीशी जवळजवळ शब्दशः जुळते. विसाव्या शतकात बेल्जियन वैद्य झां पिरार यांनी सुमारे ४,४०० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पंचवीस वर्षांच्या मधुमेहानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत तंत्रिकाविकृती आढळली. वेदना मात्र त्या सर्वांना होत नाही.

वेदना शमवणे आणि तंत्रिका वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. औषधाने आग थांबली म्हणजे तंत्रिका बरी झाली, असा समज घातक ठरतो. औषध न घेताही आग आपोआप थांबली, तर तंत्रिका पूर्ण बधिर झाली असण्याची शक्यता असते आणि असा पाय ठणकणाऱ्या पायापेक्षा अधिक धोक्यात असतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर राखल्यास तंत्रिकाविकृतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, असे १९९३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. दुसऱ्या प्रकारात हा लाभ बराच कमी आहे. दीर्घकाळ फार वाढलेली साखर घाईने उतरवल्यास वेदना उलट भडकू शकते. याची नोंद १९३३ पासून आहे. तीन महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी, टक्क्यांत मोजली जाणारी तपासणी) दोन टक्के-अंकांहून अधिक घसरल्यास हा धोका वाढतो. मेटफॉर्मिन हे साखर उतरवणारे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी होऊन अशीच लक्षणे उद्भवू शकतात. शाकाहारी रुग्णांत ब१२ ची तपासणी टाळू नये.

वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटीन, प्रीगाबालिन व गाबापेंटिन ही औषधे प्रथम वापरतात. २०२२ मधील एका ब्रिटिश चाचणीत यांपैकी पहिली तीन सारखीच गुणकारी ठरली आणि एकाने पुरेसा आराम न पडल्यास दुसरे जोडल्याने फायदा झाला. म्हणून निवड रुग्णाच्या इतर आजारांवरून होते. हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास अमिट्रिप्टिलिन जपून देतात. मूत्रपिंड दुर्बल असल्यास प्रीगाबालिनची मात्रा कमी करतात. यकृताच्या विकारात ड्युलोक्सेटीन टाळतात. वेदना निम्म्यावर आली, तर उपचार यशस्वी मानतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा येथे विशेष उपयोग नाही आणि त्यांनी मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. मिथाइलकोबालामिन हे ब१२ चे एक रूप भारतात सर्रास लिहून दिले जाते. ब१२ ची कमतरता नसेल, तर त्याचा पुरावा तोकडा आहे.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत तळपायांची आग झाली की तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासण्याची रीत आहे. त्वचा शाबूत असल्यास हात हलका ठेवून ती करण्यास हरकत नाही. भेगा किंवा जखम असल्यास टाळावी. गरम पाण्याचा शेक मात्र वर्ज्य समजावा, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. नवरात्रात येथील गरबा बहुतांशी अनवाणी खेळला जातो. खडा रुतला किंवा फोड फुटला, तरी अशा रुग्णाला ते घरी येऊन तळवे पाहीपर्यंत समजत नाही. वर्षातून एकदा दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने पायांची संवेदना तपासून घ्यावी. ती कमी आढळलेल्या रुग्णाने गरब्यातही पादत्राणे घालावीत, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये आणि रोज रात्री आरशात किंवा घरच्या माणसाकडून तळवे पाहून घ्यावेत. जखम दिसल्यास ती दुखत नसली तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.