खुलासा : ‘पोकेमॉन’ बघून 12 हजार मुलांना फिट आली नव्हती

जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या ॲनिमेमुळे (जपानी ॲनिमेशन मालिकेमुळे) 12 हजार मुलांना फिट आल्याची गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. घटना खरी, आकडा भलत्याच गोष्टीचा.

16 डिसेंबर 1997. संध्याकाळी साडेसहाच्या भागात पिकाचू या पात्राची वीज क्षेपणास्त्रांवर आदळते आणि काही सेकंद पडदाभर लाल-निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा आलटून पालटून लखलखतो. प्रकाशसंवेदी अपस्मार (लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा आजार) असलेल्या मेंदूला अशी गती आणि अशी रंगजोडी झेपत नाही. त्या संध्याकाळी सुमारे 685 मुलं रुग्णालयात नेली गेली. त्या सगळ्यांनाही फिट आली नव्हती. वर बातम्यांनी तोच तुकडा पुन्हा दाखवला, आणि तो पाहूनही काही मुलांना त्रास झाला!

12 हजारांत डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशा किरकोळ तक्रारीही धरलेल्या आहेत. बातम्या आणि शाळेतली कुजबुज यांतून पसरलेली सामूहिक भीती हे त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं कारण असावं, असं नंतर अभ्यासकांनी मांडलं. मालिकेतून जवळजवळ कायमचा पडद्याआड गेला तो मात्र त्याच भागातला दुसरा एक पोकेमॉन, बिचारा पोरिगॉन. लखलखाट पिकाचूचा होता.

1998 मध्ये जपानी वाहिन्यांनी नियम केले : सेकंदाला 3 पेक्षा जास्त झगमगाट नको, भडक लाल तर जपूनच. घरी दिवा लावून, टीव्हीपासून लांब बसून बघावं. लखलखाट सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी; नुसते डोळे मिटले तरी पापण्यांतून प्रकाश आत जातोच.